शकू पाय आपटते तेव्हा

सातपाटीत वत्सलेचा आवाज ओळखत नाही असं माणूस तेव्हा शोधून सापडलं नसतं. पालघरच्या मासळीबाजारात पाटी खाली ठेवून ती पहिली हाळी द्यायची, तेव्हा पलीकडच्या रांगेतल्या बायका आपलं गिऱ्हाईक सोडून तिच्याकडे बघायच्या. कुणी पापलेट उलटंपालटं करून नाक मुरडलं, की ती असं काही बोलायची की बिचारं गिऱ्हाईक मासा घेऊनच जायचं, आणि वर दोन दिवसांनी परत यायचं. तिचा नवरा कमलाकांत म्हणायचा, "आमच्या बोटीला भोंगा नको. हिला पुढं उभी केली की झालं." म्हणायचा ते कौतुकानेच. लग्नाला सात वर्षं झाली होती, दोनदा पोटातलं गेलं होतं, तरी त्या घरात हसणं होतं, आणि ते बरंचसं तिच्या तोंडामुळे होतं.

अशा बाईच्या पोटी शकू यावी, याला थट्टा म्हणावं तर थट्टेत निदान कुणीतरी हसतं.

शकू जन्मली त्र्याऐंशी सालच्या जुलैत, पालघरच्या एका लहानशा प्रसूतिगृहात. मासेमारी बंद होती, बोटी वर ओढून ठेवल्या होत्या, म्हणून कमलाकांत घरी होता. पोर बाहेर आली ती निळीजांभळी, आणि रडेचना. पोटातच तिने घाण केली होती आणि ती श्वासाबरोबर छातीत गेली होती. डॉक्टरांनी नळीने ओढून काढलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे एक बारीकसा आवाज निघाला. तो वत्सलेने ऐकला. पुढे आयुष्यभर ती सांगायची, "रडली होती माजी पोर. मी ऐकलंय." डॉक्टर म्हणाले, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात श्वास देणारं मशीन आहे, तिथवर जिवंत पोचली तर पुढचं बघता येईल.

पोचवायची कशातून? अँब्युलन्स दुसरीकडे गेली होती. मच्छीमार सोसायटीचा मासळीचा ट्रक मात्र धुऊनपुसून रिकामा उभा होता. कमलाकांतने तोच काढायला लावला. पुढे ड्रायव्हर, मधे पोरीला मांडीवर घेतलेली सिस्टर, खिडकीशी कमलाकांत, आणि मागे बर्फाच्या रिकाम्या खोक्यांवर त्याची आई गोजराबाई. सिस्टर सगळी वाट एक रबरी फुगा दाबून पोरीच्या छातीत वारा भरत होती, आणि तिचे हात भरून आले की कमलाकांत दाबत होता. ड्रायव्हरने सवयीने मागच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. मुंबईला पोचल्यावर सगळे पोरीला घेऊन आत धावले आणि म्हातारी अर्धा तास ट्रकात कोंडलेली राहिली. त्या अर्ध्या तासात तिने नवस बोलून टाकला.

त्यांच्या घरात एक रीत होती. तुफानातून बोट परत आली, की तिच्या दोरीचा एक तुकडा कापायचा, लाल फडक्यात बांधायचा आणि देवाच्या फळीवर ठेवायचा. नवस फिटेपर्यंत ती गाठ सोडायची नाही. मधेच सुटली तर गेलेलं तुफान परत घरावर येतं. गोजराबाईने कोंडल्या अंधारात केळव्याच्या शितळादेवीला सांगितलं, की पोर वाचली तर या तुफानातलं जे हाताला लागेल ते तुझ्या नावाने बांधून ठेवीन, आणि पोर आपल्या पायांनी तुझी पायरी चढेल तेव्हाच गाठ सोडीन.

शकू अकरा दिवस मशीनवर होती. वत्सला सातपाटीत पडून होती. सोसायटीच्या फोनवर रोज कमलाकांतचा निरोप यायचा, "पोर हाय." तेवढ्यावर ती जेवायची. बाविसाव्या दिवशी पोर घरी आली. सुटताना हॉस्पिटलने एक जाड कार्ड दिलं होतं, त्यावर इंग्रजीत बरंच काही टाइप केलेलं आणि खाली चार तारखा. डॉक्टरीणबाई कमलाकांतला म्हणाल्या होत्या, "या तारखा चुकवू नका. मूल बरं दिसलं तरी घेऊन या." तो हो म्हणाला. त्या दिवशी त्याला कुणी समुद्र उपसायला सांगितला असता तरी तो हो म्हणाला असता.

घरात शिरल्या शिरल्या गोजराबाईने लाल फडकं काढलं. पोरीच्या मनगटावरची पट्टी, नाकातून काढलेली नळी आणि ते कार्ड, तिन्ही एकत्र बांधून तिने गाठ मारली आणि बोचकं देवाच्या फळीवर ठेवलं. वत्सलेने खाली वाकून नमस्कार केला.

पहिली तारीख जानेवारीत होती. नक्की कितीची ते कार्डावर होतं आणि कार्ड गाठीत. कमलाकांतने एकदा विषय काढला, पण बोंबलाचा हंगाम ऐन भरात होता, आणि गोजराबाई म्हणाली, "पोर बरी हाय ना? बऱ्या पोरीला परत तिकडं नेऊन देवीला काय सांगू, तुज्यावर भरवसा नाय म्हणून?" कमलाकांतने बायकोकडे बघितलं. वत्सलेच्या दोन पोरांची नावंसुद्धा ठेवायची वेळ आली नव्हती. तिसरी मांडीवर होती, गरम होती, दूध ओढत होती. ती गप्प बसली. जन्मात गप्प बसायला तिने नेमकी तीच वेळ निवडली.

आणि पोरीला तेव्हा ऐकू येत होतं. हे वत्सला शपथेवर सांगायची आणि ते खोटं नव्हतं. चार महिन्यांची असताना वत्सला बाजारातून येऊन दाराबाहेरूनच ओरडायची, "कुठं गेली गो माजी बाय?" आणि पाळण्यातले दोन्ही पाय हवेत उडायचे.

बाकी सगळं सावकाश होतं. वर्षाची झाली तरी मान धरून बसेना. दीड वर्षाची बसली. दोन वर्षांची झाली तरी उभं राहायचं नाव नाही, डावा पाय तर ती विसरूनच जायची. गावाने तिला 'मशीनवाली' म्हणायला सुरुवात केली, पण त्यात वाईट बुद्धी नव्हती. ज्याच्या त्याच्याकडे एक गोष्ट होती. कुणाचा पुतण्या चार वर्षांचा झाल्यावर चालला आणि आता बोट चालवणारा तांडेल आहे, कुणाच्या नणंदेची पोर पाच वर्षांपर्यंत बोलली नाही आणि आता तोंड मिटत नाही. वत्सला सगळं ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन पोरीच्या पायांना तेल चोळायची.

बोलणंही नव्हतं. पण त्याची काळजी कुणालाच वाटली नाही, आणि त्याला कारण खाडीवरचा धक्का.

सातपाटीला खाडीत लाकडी खांबांवर फळ्यांचा एक जुना धक्का होता. बोटी यायच्या वेळेला बायका तिथे पाट्या घेऊन बसायच्या. वत्सला शकूला रिकाम्या पाटीत घालून न्यायची आणि फळ्यांवर सोडायची. एके दिवशी पोर एकदम हसायला लागली आणि दोन्ही टाचा फळ्यांवर आपटायला लागली. बायका बघताहेत तोवर खाडीच्या तोंडाशी बोट दिसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्या कलकलाटात कुणाला इंजिनाचा ठोका ऐकू यायच्या आधी शकूला कळायचं. "काय कान हायेत गो पोरीचे!" शेजारची चंद्रकांता तोंडात बोट घालून म्हणाली, आणि वत्सलेची छाती फुलून आली. हळूहळू सगळ्या बायकांना सवयच लागली. शकूने पाय आपटले की गप्पा सोडून पाट्या उचलायच्या. अख्ख्या गावाने पोरीचे कान तपासून पास करून टाकले होते. फळी हादरते आणि ते टाचांना कळतं, हे त्यांच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं?

सत्त्याऐंशीच्या चैत्रात शकू चालायला लागली. पावणेचार वर्षांची होती. पाय ओढत का होईना, चालली. गोजराबाईने त्याच आठवड्यात टेम्पो ठरवला. वत्सलेचा धाकटा भाऊ विश्राम बोईसरहून आला. तो तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि घराण्यात इंग्रजी वाचणारा तो एकटाच. केळव्याच्या देवळापाशी सगळे खाली उतरले. शकूने पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, मग डावा वर ओढून घेतला. असं करत करत ती एकटी वर गेली. वत्सला खालून ओरडत होती, "चल माजी बाय! चल माजी राणी!" आणि तिचा आवाज ऐकून बाहेरचे नारळवालेसुद्धा उठून बघायला आले. गोजराबाई रडत होती. कमलाकांत हसत होता.

गोजराबाईने देवीपुढे बसून गाठ सोडली. पट्टी आणि नळी ओवाळून बाजूला ठेवली. कार्ड विश्रामच्या हातात दिलं, "वाच रं, काय लिवलंय आमच्या पोरीचं."

विश्रामने वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दाजी," तो म्हणाला, "हिचे कान तपासून आणले का तुमी?"

"कान कशाला? कान तर तिखट हायेत."

"हिथं लिवलंय. सहा महिने, वरीस, दोन वरीस, तीन वरीस. दर बारीला कान तपासायचे. खाली रेघ मारून लिवलंय."

शकू सभामंडपात फरशीवर बसून नारळाची शेंडी उपसत होती. विश्राम तिच्या मागे गेला आणि त्याने वरची घंटा जोरात बडवली. दोनदा, तीनदा. देवळातली सगळी माणसं वळून बघायला लागली. शकू शेंडी उपसत होती.

"बाय," विश्राम बहिणीला म्हणाला, "तू हाक मार. पुढं जाऊ नको. हिथूनच मार."

वत्सलेने हाक मारली. ती नुसती हाक नव्हती. चार वर्षांत जे काही छातीत साठलं होतं ते सगळं तिने त्या दोन अक्षरांत घातलं. गाभाऱ्यातला पुजारी बाहेर आला. बाहेर एक पोर दचकून रडायला लागलं. शकूने शेंडीतला एक धागा ओढून काढला, उजेडात धरून बघितला आणि आपल्याशीच हसली.

वत्सला तिथेच फरशीवर बसली. तिला एकेक आठवायला लागलं. आपण पोरीला उठवतो ती हलवून. जेवायला बोलावतो ती समोर जाऊन, हात नाचवून. हाकेला ती आली अशी एकसुद्धा वेळ तिला आठवेना. गोजराबाई विचारत होती, काय झालं, काय लिवलंय, कुणी सांगाल का मला?

मुंबईच्या हॉस्पिटलात आधीच्या डॉक्टरीणबाई नव्हत्या, दुसऱ्या होत्या. त्यांनी तीन दिवस तपासण्या केल्या. रागावल्या नाहीत, आणि तेच वत्सलेला जास्त लागलं.

"जन्मानंतर ऐकू येत होतं, हे तुमचं म्हणणं खरं असेल," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मशीनवर राहिलेल्या काही मुलांचे कान आधी चांगले असतात आणि नंतर हळूहळू जातात. म्हणून तर तारखा दिल्या होत्या."

"जानेवारीत आणली असती तर वाचले असते का कान?"

"नाही. कान गेलेच असते."

वत्सलेचा जीव क्षणभर भांड्यात पडला. बाई पुढे बोलल्या, "पण वेळेवर कानाला यंत्र लावलं असतं तर ती बोलायला शिकली असती. शब्द शिकायची वर्षं हीच असतात. आता लावू या, पण फार आशा धरू नका."

आशा धरू नका म्हटल्यावर न धरणारी आई अजून जन्माला यायची आहे. गळ्यात अडकवायची यंत्राची डबी आली, तिच्या दोन वायरी कानात आल्या. महिन्यातून एकदा वत्सला शकूला मुंबईला न्यायची. तिथे एक शिकवणाऱ्या बाई पोरीचा हात वत्सलेच्या गळ्यावर ठेवायला लावायच्या आणि वत्सलेने म्हणायचं, "आये. आये." घरी आल्यावर जेवण होईपर्यंत तेच. जिच्या आवाजावर बाजार चालायचा ती चुलीपुढे बसून दिवसाला दोनशे वेळा एकच शब्द म्हणायची. आठव्या महिन्यात शकू म्हणाली, "आ." वत्सलेने गावभर बर्फी वाटली. पण मग ते 'आ' मांजरालाही झालं, बोटीलाही झालं, भाताच्या पातेल्यालाही झालं. पुढचा 'ये' आलाच नाही. खाऱ्या वाऱ्याने डबी दोनदा गंजली, दोनदा दुरुस्त झाली, तिसऱ्यांदा खोक्यात गेली.

मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा मुंबईत होती. तिथे ठेवून घेत होते. सहाव्या वर्षी वत्सलेने शकूला तिथे सोडलं. अठराव्या दिवशी भेटायला गेली तर पोर वाळून काटकी झालेली आणि खिडकीचे गज धरून उभी. शाळेच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं असंच होतं सुरुवातीला. दोन महिने धीर धरा. इथे खुणांची भाषा येईल तिला, मैत्रिणी होतील." वत्सलेने दोन तास धीर धरला आणि पोरीला उचलून घरी आणली. देवळातल्या त्या दिवसापासून कमलाकांत कुणालाच फार बोलत नव्हता. हॉस्पिटलात 'हो' आपण म्हणालो होतो, एवढं एक त्याला बोचत राहिलं. गोजराबाईने तर देवाच्या फळीकडे बघणंच सोडलं. ओटीवर बसून नातीची वेणी घालायची, सोडायची, परत घालायची. एक्याण्णव साली ती गेली, तेव्हा तिच्या हातात फणी होती.

मग राहिल्या दोघी. दोघींची एक बोली झाली. वत्सलेच्या डाव्या हातावर कोपराखाली गोंदण होतं, तुळशीच्या झाडाचं. शकू आपल्या हातावर त्याच जागी दोन बोटं घासायची, म्हणजे आये. गालावर मूठ म्हणजे पोट दुखतंय. दोन्ही तळवे उलटे म्हणजे नको. अशा साठसत्तर खुणा झाल्या असतील. शकू मतिमंद नव्हती. शिकवलेलं सावकाश यायचं, पण आलेलं जायचं नाही. बोंबलाची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर टाकण्यात तर तिचा हात धरणारी मुलगी गावात नव्हती.

गावात कुणाला शकूशी काही बोलायचं असलं तर ते वत्सलेला सांगायचे, आणि शकूला काय म्हणायचंय ते वत्सला सांगायची. "मला कळतंय ना तिचं? मग झालं," ती म्हणायची, आणि त्यात थोडा तोरा होता. बाकी बायकांना शकूची एकच खूण ठाऊक होती. शकूने पाय आपटले, बोट आली.

विश्राम एकदा दिवाळीला आला असताना म्हणाला, "बाय, खुणा दुसऱ्या कुणाला तरी शिकव. चंद्रकांताला शिकव. तुज्यामागं हिचं कोण समजून घेईल?"

"मी काय उद्या मरतेय?" वत्सला कडाडली. पण तो गेला तरी त्याचा प्रश्न घरातच राहिला. रोज उठल्यावर तिच्या मनात पहिला विचार तोच यायचा, आपण गेल्यावर हिला काय हवं ते हिने कुणाला आणि कसं सांगायचं? आज शिकवू, उद्या शिकवू म्हणत ती राहिली. चंद्रकांतेला एकदोनदा धरून बसवलं, तर ती बिचारी हात भलतीकडेच लावायची आणि स्वतःच हसत सुटायची. ओहोटी-भरतीच्या धावपळीत कुणाला सवड होती?

शहाण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. शकू तेरा वर्षांची झाली होती. दुपारी भरतीला बोटी यायच्या होत्या, म्हणून बायका धक्क्यावर जाऊन बसल्या होत्या. किनाऱ्यावरच्या वाळवणीत वत्सला आणि शकू दोघीच होत्या. बांबू उभे रोवून त्यांना खाली एक आडवा बांबू आणि वर आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या वलांडीवर बोंबील वाळतात. वत्सला वरच्या दोरीला हात पोचावा म्हणून आडव्या बांबूवर चढली. बांबू जुना होता. तो मोडला आणि ती पाठीवर पडली.

कमरेत काहीतरी तुटल्याचं तिला कळलं. श्वास कोंडला होता. दहा पावलांवर शकू पाठमोरी बसून बोंबील जोडत होती. वत्सलेने तोंड उघडलं. जिची हाळी पालघरच्या बाजारात चार रांगा ओलांडून जायची, तिच्या तोंडातून नुसती हवा आली. आली असती हाक, तरी ती ज्या कानांसाठी होती ते कान नव्हते, पण धक्क्यावरच्या बायकांना तरी ऐकू गेलं असतं. तिने हाताने वाळू बडवली. वाळू कसली हादरते? शकूने जोडी जोडली, खाली ठेवली, दुसरी घेतली. तशा अकरा जोड्या झाल्या. वत्सलेला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून ती मोजत राहिली.

बाराव्या जोडीला शकू दोरीकडे वळली आणि तिने बघितलं.

ती धावत आली. आईच्या तोंडावरून हात फिरवला, उचलायला बघितलं, आणि वत्सला कळवळली तशी मागे सरली. मग ती धक्क्याकडे पळत सुटली, डावा पाय ओढत. वत्सला पडल्या जागेवरून तिला बघत होती. धक्का तिथून स्वच्छ दिसत होता. तिला वाटलं, शाबास. आता येतील.

शकू फळ्यांवर पोचली. माणसांना उठवायचं कसं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तेरा वर्षांत एकच गोष्ट तिने केली की सगळं गाव उठायचं. तिने पाय आपटले, दोन्ही टाचांनी, जिवाच्या आकांताने.

बायका उठल्या. सगळ्या उठल्या. पाट्या उचलल्या, पदर खोचले आणि खाडीच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

शकूने आपल्या हातावर दोन बोटं घासली. पुन्हा पुन्हा घासली. वलांड्यांकडे हात केला. तिच्या हाताकडे कुणी बघत नव्हतं, ती पाय आपटायला लागली की आजवर सगळ्यांनी समुद्राकडेच बघितलं होतं. तिने चंद्रकांतेचा पदर धरून ओढला. चंद्रकांतेने हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला, गालाला हात लावून बोटं मोडली आणि पदर सोडवून घेतला. आणि तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी खरंच बोट दिसली. मग कोण शकूकडे बघतंय?

शकू एकटीच परत आली. आईचं डोकं तिने मांडीवर घेतलं. स्वतःच्या हातावर दोन बोटं घासत ती म्हणत होती, "आ. आ. आ." पाऊण तासाने कमलाकांत बोटीवरून उतरून वाळवणीकडे आला, तेव्हा त्या तशाच होत्या. शकूच्या हाताची कातडी त्या जागी सोलवटली होती.

वत्सलेचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण बाजारात जाऊन पाटी मांडणं संपलं. तीन महिने तर ती घरात पाठीवरच होती. चंद्रकांता रोज यायची, डोळ्यांना पदर लावायची.

"आमाला वाटलं गो, बोट आली."

"आली होती ना बोट?"

"आली होती."

"मग तुमचं काय चुकलं?" वत्सला म्हणायची. तिला खरंच कुणाचा राग आला नव्हता. तिला फक्त भीती वाटत होती, आणि ती भीती तिने कुणापासून लपवली नाही. आल्यागेल्याला ती धरून बसवायची आणि खुणा शिकवायची. हे पोट, हे नको, ही आये. चंद्रकांतेने मनापासून शिकून घेतल्या. आठ दिवसांनी वत्सलेने विचारलं, "सांग, आये कशी?" चंद्रकांतेने जरा आठवून कपाळाला बोट लावलं.

"हातावर गो," वत्सला म्हणाली. "हातावर, हिथं."

"हां हां, हातावर. राहील आता ध्यानात."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "चला गो, शकू पाय आपटते!" चंद्रकांता पटकन उठली, दारातली पाटी उचलून कमरेला लावली आणि म्हणाली, "येते गो, बोट आली." गल्लीतून बायकांची पावलं वाजत गेली.

वत्सलेने मान वळवून दाराकडे बघितलं. दारातून धक्का दिसत नव्हता. बोट आली होती, की पोरीला कुणीतरी हवं होतं, ते तिला पडल्या पडल्या कळेना.